मेटाच्या माळावरची झाडं

माझ्या वडिलांना शाळेत कुणी सर म्हणत नसे. ते प्रयोगशाळा सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, कुलपांच्या किल्ल्या सांभाळणं ही त्यांची कामं. मुलं त्यांना मामा म्हणत, शिक्षक आडनावानं हाक मारत, आणि मुख्याध्यापक नुसती घंटी वाजवत. हे मला ठाऊक होतं, कारण मी त्याच शाळेत शिकत होते. मधल्या सुट्टीत अण्णा प्रयोगशाळेच्या दारात उभे दिसले की मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचे. आज हे लिहिताना लाज वाटते. पण त्या वयात लाजेची जागाच वेगळी होती.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. मी बारा वर्षांची असताना आई काविळीनं गेली आणि करमाळ्याला दिलेली आत्या आमच्याकडे राहायला आली. ती अण्णांची थोरली बहीण, विधवा, जिभेला हाड नसलेली आणि हाताला उसंत नसलेली. मागच्या बोळात यंत्रमागांचा कारखाना होता. त्याची खडखड दिवसभर आमच्या भिंतीतून यायची आणि वीज गेली की एकदम थांबायची. मग आत्याचं बोलणं फारच मोठ्यानं ऐकू यायचं, कारण तिला मागावर मात करून बोलायची सवय लागलेली असे. आई होती तेव्हा घरात रेडिओ लागायचा. ती गेल्यावर तो कुणी लावला नाही आणि लावू नकोस असंही कुणी म्हटलं नाही.

शनिवार संध्याकाळ म्हणजे कडक भाकऱ्यांची. आत्या ज्वारीच्या पातळ, पापडासारख्या भाकऱ्या थापायची, तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभ्या करून वाळवायची आणि धडप्यात बांधून ठेवायची. उखळात शेंगांची चटणी कुटली जायची. तो लसणाचा आणि तिखटाचा वास रविवारपर्यंत कपड्यांना राहायचा. ही सगळी तयारी माळावर न्यायच्या डब्याची. आत्या कुटता कुटता म्हणायची, लोक रविवारी देवाला जातात, माझा भाऊ कुसळं मोजायला जातो. पण डब्यात माणशी दोन भाकऱ्या जास्तच असत.

माळाचं खूळ आई गेल्यानंतरचं. घरात बसवेना म्हणून एका रविवारी अण्णांनी मला एसटीत बसवलं आणि मोहोळच्या अलीकडे कुठल्याशा फाट्यावर उतरवलं. रस्त्यापासून अर्धा तास चालल्यावर मेटाचा माळ लागायचा. धनगरांच्या जुन्या मुक्कामाच्या दगडांच्या रांगा तिथे होत्या, म्हणून मेट. बाकी काही म्हणजे काही नाही. मुरूम, गुडघ्याएवढं गवत आणि वर आभाळ. एवढं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. अण्णा म्हणाले, बस जरा. आम्ही बसलो, आणि बऱ्याच वेळानं समोरच्या गवतातून एक पक्षी चालत आला. माळढोक. धनगर त्याला हूम म्हणत, कारण तो छातीतून तसा आवाज काढतो. माझ्या कंबरेएवढा उंच, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी. तो थांबला, चारी बाजूंना नीट पाहून सावकाश निघून गेला. अण्णा रडत होते. आई गेल्यावर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते पाखरू बघून का रडले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यातून माळावर पक्षी बघायला जाणाऱ्यांचं मंडळ निघालं. मागच्या बोळातल्या कारखान्याचे मालक गड्डमकाका पहिले सभासद. तेलुगू बोलणारं विणकर घराणं, माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. चादरी वाहायचा त्यांचा टेंपो रविवारी आमच्या दिमतीला असे. हळूहळू दहा-पंधरा जण झाले. कुणी पोस्टातलं, कुणी बँकेतलं, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं. ही सगळी माणसं अण्णांना सर म्हणत. पहिल्यांदा गड्डमकाकांनी 'सर' म्हटलं तेव्हा अण्णांनी मागे वळून पाहिलं होतं. माळावर ते वेगळेच दिसायचे. खांदे सरळ, आवाज मोकळा. मलाही तिथे त्यांच्याजवळ उभं राहायला आवडायचं, आणि मी मंडळाच्या वह्या लिहायला लागले.

वह्या अण्णांनी प्रयोगशाळेच्या शिस्तीत आखल्या होत्या. एकीत माळाचा इतिहास: मेटाचे दगड, पायवाटा, आजूबाजूच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेली ठिकाणांची नावं. दुसरीत गवतं. तिसरीत पक्ष्यांची मोजदाद. मोजायची त्यांची पद्धत साधी होती. उजव्या खिशात आगकाड्या घ्यायच्या, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत न बोलता चालायचं आणि पक्षी दिसला की एक काडी डाव्या खिशात टाकायची. शेवटी डाव्या खिशातल्या काड्या मोजायच्या. माळढोक दिसला तर काडीचं टोक मोडून टाकायचं. थोडी काय, कुठलीही लबाडी त्यांना खपत नसे. गड्डमकाकांनी एकदा उत्साहाच्या भरात एकच पक्षी दोनदा मोजला तर अण्णांनी त्यांना सगळी रांग पुन्हा चालायला लावली.

गवतांची वही खरं तर बिरूआबांची. बिरूआबा त्या माळावर मेंढरं चारायचे, त्यांचे वाडवडीलही तिथेच चारायचे. पाठीवर घोंगडं, कानात सोन्याची बारीक भिकबाळी, आणि बोलताना नजर सतत कळपावर. ते गवताची काडी दातांत धरून नाव सांगायचे: मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. कुठलं कधी पिकतं, कुठलं मेंढरू टाळतं. अण्णांना ते मास्तर म्हणत आणि आमच्या डब्यातली चटणी हातावर घेऊन चाटत. आम्ही झाडं लावायचा विचार करतोय हे कानावर गेल्यावर ते एके दिवशी स्वतःहून आमच्याजवळ येऊन बसले.

"मास्तर, ह्यो माळ मेंढरानं राखलाय," ते म्हणाले. "मेंढरू तोंड लावतंय म्हणून गवात बुटकं ऱ्हातंय. हूमाला लांबचं दिसाया पायजे. लई भेदरट पाखरू. उद्या हितं झाडं आली, तर त्येला वाटंल झाडाआड कोल्हं बसलंय. मग ते न्हाय ऱ्हायचं हितं."

अण्णांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, लिही, शब्दन् शब्द लिही. मी लिहिलं. कुठे लिहू असं विचारल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि इतिहासाच्या वहीत, शेवटच्या प्रकरणात लिही म्हणाले. त्या प्रकरणाचं नाव होतं 'लोकसमजुती'. त्याच पानावर वर भुताची एक गोष्ट होती आणि खाली टिटवी पाय वर करून का झोपते ते. माझं अक्षर चांगलं होतं. आम्ही त्या म्हाताऱ्याचं बोलणं इतक्या आदरानं उतरवून घेतलं की ते ऐकायचं राहूनच गेलं. कुणी नकळत केलेली चूक असती तर आयुष्यभर एवढी बोचली नसती. आमची चूक आमच्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे.

झाडं लावणं वाईट असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला झाड म्हणजे पुण्यच. उघडा माळ बघून शहरातला प्रत्येक पाहुणा हळहळायचा, अरेरे, किती ओसाड. ओसाड हा शब्द अण्णांना लागायचा. आपल्या माळाला कुणी ओसाड म्हणू नये म्हणून त्यांनी सरकारी परवानगी मिळवली, मुरमात पहारीनं खड्डे खणले, खालून मातीची घमेली आणली. सुट्टीच्या दिवशी बायकापोरांसकट माणसं यायची. हाताला फोड यायचे. आत्यासुद्धा एकदा आली आणि घमेलं उचलून सगळ्यांना लाजवून गेली. त्याइतके आनंदाचे दिवस आमच्या घरानं नंतर पाहिले नाहीत, हेही सांगायला हवं.

पुढे त्यात एक रीत पडली. गड्डमकाकांचा थोरला मुलगा तापानं गेला. वीस वर्षांचा होता. त्याची रक्षा नदीत सोडण्याऐवजी काकांनी माळावरच्या खड्ड्यात घातली आणि वर कडुनिंब लावला. झाडाला पत्र्याची पट्टी, पट्टीवर मुलाचं नाव. ते बघून दुसरे आले, तिसरे आले. कुणाचे वडील, कुणाची बायको. बघता बघता माळावर गेलेल्या माणसांची वस्ती उभी राहिली. आईची रक्षा केव्हाच सोडून झाली होती, म्हणून अण्णांनी तिच्या हातच्या तुळशीच्या कुंडीतली माती नेली आणि तिच्यासाठीही निंब लावला. मी त्याला टँकरमधून बादली भरून पाणी घालायचे. तिथे उभी असले की लोक जरा हळू बोलायचे. मला ते आवडायचं.

रोपं मेंढरं खातात, म्हणून चराई बंद झाली. फलक लागला. अण्णांच्या गळ्यात शिट्टी आली. बिरूआबांना अडवायला तेच पुढे गेले, कारण ओळखीचं माणूस बोललेलं बरं. काय बोलणं झालं ते मी लांबून पाहिलं, ऐकलं नाही. बिरूआबा कळपाला हाक देऊन खालच्या अंगानं निघून गेले. अण्णा परत येऊन म्हणाले, समंजस माणूस आहे. त्या दिवशी डब्यातली चटणी उरली.

झाडं वाढली. मेंढरांचं तोंड नाही म्हणून त्यांच्यामधलं गवत छातीएवढं माजलं, वाळलं, आडवं पडलं. वहीत डाव्या खिशातल्या काड्या कमी व्हायला लागल्या. पहिल्या वर्षी आम्ही म्हटलं पाऊस कमी झाला. दुसऱ्या वर्षी म्हटलं पाऊस जास्त झाला. मोडलेल्या टोकाची काडी ज्या वर्षी एकदाही मिळाली नाही, त्या वर्षी अण्णांनी सगळ्या वह्या काढल्या आणि स्वयंपाकघरात जमिनीवर मांडून बसले. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते. दुपारी घरी आले तर ते शेवटच्या प्रकरणाचं पान उघडून बसलेले. मला वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. आत्या कणीक तिंबत होती, ती थांबली. अण्णा एवढंच म्हणाले की हे त्यानं आपल्याला सांगितलं होतं गं. कारखाना चालू होता, तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहोळजवळच्या वस्तीवर बिरूआबांना शोधत गेलो. ते घरापुढे बाजेवर बसले होते. घोंगडं होतं, कळप नव्हता. अण्णांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, आबा, माझं चुकलं, मेंढरं परत आणा, फलक मी काढतो. बिरूआबांनी पाय मागे घेतले नाहीत, रागावलेही नाहीत.

"कशाची मेंढरं, मास्तर? इकली की," ते म्हणाले. "पोरगं शहरात कामाला जातंय आता. चरायाच न्हाय तर पोसायची कुटं?" मग सुनेला चहा ठेवायला सांगितला. तो चहा आम्हाला प्यावा लागला. चोर म्हणून धरलं असतं तर इतकं जड गेलं नसतं.

अण्णांनी मग एकच ध्यास घेतला. झाडं काढायची, निदान मधल्या पठारावरची तरी. कदाचित एखादी जोडी फिरकेल अजून, असं ते आत्याला सांगायचे, मला सांगायचे, कुणी नसलं तर भिंतीला सांगायचे. गड्डमकाकांच्या कारखान्यात मंडळाची बैठक झाली. माग बंद ठेवले होते. अण्णांनी वह्या दाखवल्या, चूक कबूल केली, सगळी माझी म्हणाले. सभासद वह्या चाळत राहिले. झाडं असती तर तोडली असती हो. पण ती आता झाडं नव्हती, नावं होती. शेवटी गड्डमकाका उठले. मोठ्या आवाजाचा माणूस, त्या दिवशी जेमतेम ऐकू आला.

"सर, तुमचा शब्द मी मोडला नाही आजवर," ते म्हणाले. "तुम्ही आधी वहिनींचं झाड तोडा. माझ्या पोराचं मग मी माझ्या हातानं तोडतो."

यात खोट काढायला जागाच नव्हती. अण्णा 'रविवारी' म्हणाले.

रविवारी सकाळी सगळे आले. आत्या आली नाही. तिनं डबाही दिला नाही. अण्णांच्या हातात नवी कुऱ्हाड होती आणि ती धरायची त्यांना सवय नव्हती. आईच्या निंबाजवळ ते उभे राहिले, पत्र्याची पट्टी काढून खिशात घातली आणि माझ्याकडे वळले.

"नंदू, तू हो म्हण. तू म्हणालीस तरच."

मला उत्तर ठाऊक होतं. वह्या मीच लिहिल्या होत्या. आई त्या झाडात नाही हेही मला पक्कं ठाऊक होतं. ती कुठेच नव्हती. पण पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती, गड्डमकाकांची बायको पदर तोंडाला लावून उभी होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या पोटात जुना राग होता. आई गेल्यापासूनचे सगळे रविवार या माणसानं एका पाखराला दिले होते. त्यांना कुठे लागेल ते मी नेमकं जाणत होते. मी झाडाला पाठ लावून उभी राहिले.

"एकदा गेली ती पुरे नाही झालं का, अण्णा?"

 मग त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, अगदी हळू, कुणाला लागू नये अशी. मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. गड्डमकाका रडत माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, तेलुगूत लेकीला म्हणतात तसं अम्मा, अम्मा म्हणत. कुणीतरी फोटो काढला आणि तो आठवड्याभरात छापूनही आला. झाडासाठी वडिलांपुढे उभी राहिलेली मुलगी. कॉलेजात माझा सत्कार झाला. हार घालून घेताना मी हसले होते, तो फोटोही आहे.

अण्णा पुन्हा माळावर गेले नाहीत. मला कधी टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं. शाळेतून निवृत्त होईपर्यंत परीक्षानळ्या धूत राहिले, आणि हळूहळू त्यांना सर म्हणणारं कुणी उरलं नाही. आत्या गेली, माझं लग्न झालं, यंत्रमाग बंद पडले. आज तिथे उद्यान आहे. फाटक आहे, बाकं आहेत, लोक मोबाइल कानाला लावून फेऱ्या मारतात. बुलबुल आहेत, साळुंक्या आहेत, कोकीळही ओरडतो. वाईट नाहीत बिचारे. पण ते आमच्या परसातही आहेत. माळढोक म्हणजे काय हे तिथल्या पोरांना फलकावरच्या चित्रातून कळतं, आणि चित्र चुकीचं आहे.

अण्णा शेवटचे काही महिने माझ्याकडेच होते. बोलणं कमी झालं होतं, पण शुद्ध चांगली होती. एकदा दुपारी मी भात भरवत होते, तर माझा हात बाजूला करून ते म्हणाले, "माझी रक्षा नदीत सोड, नंदू. माळावर झाड लावू नका." मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणाले.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मंडळाची माणसं घरी आली. नवी, तरुण, कामसू माणसं. ज्यांनी हा माळ हिरवा केला त्या सरांसाठी मधल्या पठारावर खड्डा तयार आहे, म्हणाली. पट्टीवर नाव घालून आणलं होतं, नावापुढे 'सर' होतं. गड्डमकाकांना खुर्चीत बसवून आणलं होतं. नव्वदीचे, डोळ्यांनी दिसत नव्हतं, हातात निंबाचं रोप. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि विचारलं, सरांचं झाड तुझ्या आईच्या शेजारीच लावायचं ना अम्मा? सगळे माझ्याकडे बघत होते.

मी रक्षेचा कलश उचलून त्यांच्या गाडीत जाऊन बसले. माळावर पोचल्यावर खड्ड्यात तो मीच रिकामा केला, रोप सरळ धरलं, माती लोटली आणि बादलीभर पाणी घातलं.